मोठीबायचं माप

कुठेही गेली की मोठीबाय आधी हात नसलेली खुर्ची मागायची. लग्नाचा मांडव असो, शाळेची सभा असो, नाहीतर कापडाचं दुकान. कोणी प्लॅस्टिकची हातवाली खुर्ची पुढे केली की उभ्याउभ्याच सांगायची, "ही न्हाय. मी उठले की ही माझ्यासंगतीच उठते." लोक हसायचे, तीही हसायची, पण खुर्ची बदलून येईपर्यंत बसायची नाही. मी लहान असताना मला याची लाज वाटायची. पुढे कळलं की अख्ख्या गावात स्वतःच्या अंगाला काय लागतं ते मोठ्याने मागणारी ती एकटीच बाई होती.

ती माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. तिला नाव होतं, पण ते रेशनकार्डावर. पेणच्या खारेपाटातल्या, खाडीकाठच्या आमच्या गावात ती सगळ्यांची मोठीबाय. शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची आणि उरलेल्या वेळात तिच्याकडे एक वेगळंच काम असायचं. आसपासच्या गावांत अंगाने भरलेल्या एखाद्या मुलीचं लग्न ठरलं, की ती मुलगी आपल्या आईच्या नकळत मोठीबायला निरोप धाडायची. निरोप एकच असायचा, "बस्त्याला माझ्याबरोबर येशील का?"

बस्ता कसा असतो ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको. नवरीचा शालू नवऱ्याकडची मंडळी घेतात, म्हणून निवडतातही तीच. दुकानातल्या पांढऱ्या गादीवर दोन्ही घरं समोरासमोर बसतात आणि मधे साड्यांचा ढीग पडतो. बारीक मुलीचा बस्ता कापडाबद्दल असतो. जाड मुलीचा बस्ता तिच्याबद्दल असतो. आमच्याकडे बाईचं अंग म्हणजे रस्त्याचं काम. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणीही थांबावं आणि त्यावर मत द्यावं.

मोठीबायला हे दुसऱ्या कोणाकडून कळलेलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या लग्नात ब्लाउज सासरहून शिवून आला, तो नणंदेच्या मापाचा. माप मागितलंच गेलं नाही. लग्नापर्यंत पोरगी उतरेल, असं दोन्हीकडच्या बायकांनी धरून चाललं होतं. पोरगी उतरली नाही. ऐन मुहूर्ताला वरचे हुक लागेनात, तेव्हा ते तसेच उघडे ठेवून वर पदर ओढला आणि पदरावर शाल घातली. हार घालायच्या वेळी नवऱ्याच्या मित्रांनी गंमत म्हणून त्याला उचलून धरलं. मोठीबाय हार घेऊन खाली उभी. हात वर करायची सोय नव्हती. सगळा मांडव हसत होता. शेवटी दिराने तिच्या हातातला हार घेतला आणि भावाच्या गळ्यात टाकला.

सासरी ती दोन पावसाळे राहिली. तिथे काय काय ऐकलं याची यादी तिने कधी दिली नाही. एवढंच सांगायची, "मी जेवायला बसले की घरातली सगळी गप व्हायची." तेवढ्यावर ती परत आली आणि परत गेली नाही.

बस्त्यात तिची एक पद्धत होती. दुकानदार जाड मुलीपुढे चॉकलेटी आणि जांभळ्या साड्या टाकायला लागला की ती त्या पायाने बाजूला सारायची. "शेठ, लगीन हाय, चोरी न्हाय. लाल काढा." ताठ कापडाचा शालू तिला चालत नसे; ते अंगापासून लांब उभं राहतं आणि बाई तंबूसारखी दिसते. अंगावरून पडणारं कापड हवं, काठ फार रुंद नको, बाही कोपरापर्यंत उतरलेली हवी. शालूबरोबर येणारं ब्लाउजपीस बारीक बाईपुरतंच असतं हे तिला पाठ होतं, म्हणून ती जागच्या जागी जुळतं कापड वेगळं फाडून घ्यायची. नंतर शिंप्याकडे ब्लाउज घालून बघायच्या दिवशी ती मुलीला हात डोक्यावर न्यायला लावायची, खाली वाकायला लावायची, मांडी घालून बसवायची. "श्वास घे. पोटभर घे. आता बोल." मुलगी बोलली, की शिंप्याकडे वळून, "झालं. आता फुलं काढा काय काढायची ती."

मी पत्रकांवर वाढलेली पोरगी. वडील जमीन बचाव समितीत होते आणि आमच्या घरात धान्याच्या कणगीइतकीच पत्रकांच्या गठ्ठ्यांना जागा असे. अक्षरं मी त्यांवरच गिरवली. कॉलेजात गेल्यावर बाजार आणि बाईचं शरीर यावर मी स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं, छापून आणलं आणि मोठीबायला वाचून दाखवलं. तिने चुलीवरून नजर न हलवता शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं हाय. पन हे वाचून हुक लागतो का?"

"लोकांचे विचार बदलतील, मोठीबाय."

"बदलू देत की. तवर पोरीनं घालायचं काय?"

तिने पत्रक मात्र टाकलं नाही. शिंप्याकडे नेऊन दिलं आणि म्हणाली, याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मापं लिहीत जा.

सुजाताचं लग्न ठरलं ते गेल्या वर्षी. सुजाता माझ्या धाकट्या काकांची मुलगी, पनवेलला औषधांच्या दुकानात कामाला. अंगाने मोठीबायवर गेलेली. मुलगा अलिबागकडचा, चांगला होता, तिला आवडला होता. बस्ता पेणला एका मोठ्या दुकानात होता. सुजाताने निरोप धाडायच्या आधीच मोठीबाय पिशवी घेऊन तयार होती.

तोवर मोठीबाय उतरायला लागली होती. आधी चेहरा, मग दंड. बांगड्या कोपरापर्यंत जायच्या. गावात कौतुकाला सीमा नव्हती. शाळेतल्या बाई म्हणाल्या, आता कशी सुटसुटीत दिसता. माझी काकी, म्हणजे सुजाताची आई, म्हणाली, दहा वर्षं कमी झाली तुमची. मोठीबायचं पोट दुखत होतं, जेवण जात नव्हतं. पण पोटदुखी घेऊन ती डॉक्टरकडे गेली होती तेव्हा ती जाड होती, आणि तालुक्याच्या त्या डॉक्टरने तपासायच्या आधीच सांगितलं होतं की आधी वजन उतरवा. दुसऱ्यांदा गेली तेव्हा वजन उतरलं होतं. डॉक्टर खूश झाला. म्हणाला, छान, असंच चालू ठेवा.

बस्त्यात मोठीबायने शालू मनासारखा घेतला. डाळिंबी रंग, मऊ पोत, बोटभर काठ. सुजाताने तो खांद्यावर धरून आरशात पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. स्वतःकडे बघताना ती घाबरली नव्हती. मग ब्लाउजचं माप निघालं. दुकानाच्या शिंप्याने फीत लावून आकडा सांगितला आणि नवऱ्याच्या आईने हात वर करून त्याला थांबवलं.

"हे लिहू नका. लग्नाला अजून वेळ आहे, तोवर ती कमी करेल. दोन-तीन इंच आत घेऊन शिवा."

"आनि न्हाय झाली कमी तर?" मोठीबाय म्हणाली.

"होईल की. समोर माप असलं की माणूस झटतो."

"विहीणबाई, कापड अंगाला बसवतात. अंग कापडाला न्हाय."

नवऱ्याची आई हसली. वाईट बाई नव्हती ती. पोरीचं भलंच करतोय असं तिला मनापासून वाटत होतं. "अहो, तुम्हीच असं म्हणता? ह्यांच्या साखरपुड्यातले तुमचे फोटो बघितले मी. किती होतात आणि किती झालात. काय केलंत ते हिलाही सांगा ना."

मला वाटलं काकी मधे पडेल. काकी म्हणाली, "तेच मी हिला सांगते रोज. आत्याकडे बघ म्हणून."

शिंप्याने कमी केलेला आकडा लिहिला. मोठीबाय काही बोलायला गेली आणि पोट धरून खाली बसली. हात असलेल्या खुर्चीत. बसली, आणि मावली. सुजाता तिच्याकडे टक लावून बघत होती. त्या नजरेत काळजी नव्हती. त्या नजरेत भूक होती.

त्यानंतर सुजाताने जेवण सोडलं. सकाळी डब्यातली पावडर पाण्यात ढवळून प्यायची, रात्री काकडी. पनवेलहून येताना स्टेशनच्या जिन्यावर कठडा धरून उभी राहायची. शिवून आलेला ब्लाउज काकीने कपाटाच्या दाराला बाहेरून टांगून ठेवला होता, येता-जाता दिसावा म्हणून. मी सुजाताशी भांडले. मुद्दे माझ्याकडे पुष्कळ होते. तिने ते ऐकले आणि म्हणाली, "तुला बोलायला काय जातं ग? तुला कुठलाही कपडा होतो."

मोठीबायला मुंबईच्या इस्पितळात नेलं तेव्हा उशीर झाला होता. पोटातली गाठ लिव्हरपर्यंत पोचली होती. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, एवढं वजन उतरत होतं तर कोणालाच शंका आली नाही? मोठीबायनेच उत्तर दिलं, "शंका कशी येनार, डॉक्टरीण? सगळ्यांना आनंद झालेला."

सुजाता भेटायला आली ती खूप उतरलेल्या तोंडाने. मोठीबाय आमच्या ओटीवर गादीवर पडलेली. इकडचं तिकडचं झालं, आणि मग सुजाताने विचारलं. आजार कळूनही विचारलं. गाठ आत्ताची, पण वजन तर आधीपासून उतरत होतं, तेव्हा काय खात होतीस?

मला तिला मारावंसं वाटलं. मोठीबाय मात्र रागावली नाही. तिने मला दार लावायला सांगितलं, बाही वर केली आणि दंड पुढे धरला. दंडाची कातडी रिकाम्या पिशवीसारखी खाली लोंबत होती.

"हात लाव. लाव, बाय. हेच हवंय ना तुला? मी काय केलं न्हाय. ह्या गाठीनं खाल्लं मना आतून, आनि बाहेरनं लोक टाळ्या वाजवत होते. मी जाड व्हते तवा दुखतंय म्हनलं तर म्हनाले जाड हाय म्हनून दुखतंय. बारीक झाले तवा दुखतंय म्हनलं तर कुनी ऐकलं पन न्हाय. तुज्या आईनं न्हाय, डागतरनं न्हाय. तू पन न्हाय."

सुजाताने हात लावला. काढला नाही. मग तिथेच, गादीच्या कडेला, ती रडायला लागली. मोठीबायने तिला पेज आणायला लावली आणि दोघींनी एका ताटलीत खाल्ली. मोठीबायला दोन घासच गेले. उरलेलं सुजाताने संपवलं.

दुसऱ्या दिवशी सुजाता तो ब्लाउज घेऊन आमच्या गावच्या शिंप्याकडे गेली. आतली दाबलेली शिवण पुरी पडेना. शिंप्याने तो उसवला, पेणहून जुळतं कापड आणवलं, काखेपासून खाली जोड दिला आणि बाही नवी लावली. सुजाताने सासूला स्वतः फोन करून सांगितलं, "ब्लाउज मी माझ्या मापाने करून घेतला." सासू म्हणाली, "तुमच्या घरात थोरामोठ्यांचं ऐकायची पद्धत नाही वाटतं." लग्न मोडलं नाही. पण ते वाक्य सुजाताला आजही ऐकवलं जातं, वेगवेगळ्या निमित्तांनी, बहुतेक जेवताना.

लग्नाला मोठीबायला गाडीतून नेलं. उतरवता येण्यासारखी नव्हती, म्हणून गाडी मांडवाच्या तोंडाशी लावली आणि दार उघडं ठेवलं. डाळिंबी शालूतली सुजाता अक्षतांनंतर थेट गाडीपाशी आली आणि वाकून तिच्या पाया पडली. कुठे काही ताणलं नाही, उसवलं नाही. मोठीबायने बाहीच्या टोकाला बोट लावून बघितलं. तिला बोलवत नव्हतं. मागून जाणारी एक पाहुणी गाडीत डोकावली आणि म्हणाली, "अग बाई, मोठीबाय का ही? ओळखलीच नाही. छान झालीस हो."

लग्नानंतर ती फार दिवस राहिली नाही. गेली ती सकाळच्या चहाच्या वेळी. अंघोळ घालून बायका तिला साडी नेसवायला बसल्या आणि तिचा एकही ब्लाउज तिला होईना. सगळे तिच्या जुन्या मापाचे, खांद्यावरून सरळ घसरणारे. काकी आत गेली आणि कपाटातून माझा एक ब्लाउज घेऊन आली. "हा होईल बघ."

तो झाला असता. मी बघितलं आणि मला कळलं की तो तिला तंतोतंत झाला असता. मला तो काकीच्या हातातून हिसकावून घ्यायचाही धीर झाला नाही.

सुजाता अलिबागहून नुकतीच पोचली होती. दारातूनच म्हणाली, "तो नको. तिचाच घालायचा."

"अग, केवढा ढगळ तो," काकी म्हणाली. "आणि आता कोण बघतंय?"

सुजाताने मोठीबायचा हिरवा ब्लाउज तिच्या अंगात चढवला, सुई-दोरा मागितला आणि शेजारी मांडी घालून बसली. जास्तीचं कापड दोन बोटांत धरून ती कुशीपासून खाली टाके घालत गेली, सावकाश, जिवंत माणसाला सुई टोचू नये म्हणून घालतात तसे. बाहेर तिरडी बांधून झाली होती. वडिलांनी दारावर टकटक केलं, माणसं खोळंबलीत म्हणाले.

"थांबू देत, काका."

बायका बघत होत्या. एका बाजूचं झालं तेव्हा शेजारची म्हातारी पदराने डोळे पुसत म्हणाली, "शेवटी किती बारीक झाली बिचारी. बघा, कशी चांगली दिसते."

सुजाताने दाताने दोरा तोडला, सुईत नवा ओवला आणि दुसऱ्या बाजूला येऊन बसली.