तारीख नसलेलं बुकिंग

परवा मी फोन केला. म्हणजे खराखुरा फोन, अनोळखी माणसाला, तोही फ्रान्सला... मला ओळखणारे इथेच खुर्चीतून पडले असतील.

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी... मी सतरा वर्षांची, सिडनीत राहते, गिरावीनला. नवीन माणूस समोर आला की माझा आवाजच बंद होतो. पिझ्झाची ऑर्डरसुद्धा बाबा देतात. शाळा मी दहावीनंतर सोडली आणि झाडांच्या नर्सरीत कामाला लागले. झाडं उभं करून प्रश्न विचारत नाहीत. मराठी मंडळातल्या काकूंना नर्सरी ऐकून अजून वाटतं की मी बालवाडीत शिकवते.

लॉकडाऊनमुळे सध्या नर्सरी बंद आहे. आई मात्र रोज कामावर जाते, ती एज्ड केअरमध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, नर्स आहे. बाबांना दमा आहे, म्हणून ती घरात पाऊलच टाकत नाही... गॅरेजमध्ये गादी टाकून झोपते. शिफ्ट संपली की ती बॅकयार्डात खुर्ची टाकते, मी आत, कपडे धुण्याच्या खोलीच्या पायरीवर बसते. मध्ये जाळीचं दार.

पण रोज रोज बोलायचं काय? तिला कामाचं बोलायचं नसतं आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही घडत नाही. मग एकदा मी तिला मोबाइलवर एक फोटो दाखवला. निळ्याशार हायड्रेंजियाची झुडपं, दगडी घर, आणि मागे काळ्या खडकांवर आपटणारा समुद्र.

"कुठंय गं हे?"

"ब्रिटनी."

"ब्रिटनला एवढं ऊन?"

"ब्रिटन नाही गं, ब्रिटनी. फ्रान्सच्या पश्चिमेला, एकदम टोकाला."

आई देवगडची. जाळीला नाक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "खडक आमच्यासारखेच आहेत. आंबे नाहीत बिचाऱ्यांकडे."

तेव्हापासून आमची ट्रिप सुरू झाली. पॅरिसहून ट्रेन, मग बस, मग समुद्राच्या कडेकडेनं चालत. ओहोटीला पायी जाता येतं असं एक बेटसुद्धा मी शोधलं. तिकडे घावनासारखं काहीतरी खातात, काळसर पिठाचं. आई म्हणाली, चटणी आपली आपण नेऊ.

राहायला एका बाईंचं छोटंसं गेस्टहाउस सापडलं, दाराशी तीच निळी झुडपं. पण ऑनलाइन बुकिंग नाही, फक्त फोन नंबर. "कर की फोन," आई रोज म्हणायची. "उद्या," मी रोज म्हणायचे.

देश बंद आहे हे आम्हाला काय माहीत नव्हतं? घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला परवानगी नाही, आणि आम्ही दोघी फ्रान्सच्या बसचं टाइमटेबल बघतोय...

परवा आई आली आणि नुसती बसून राहिली. तिच्याकडच्या एक आजी गेल्या होत्या. घरच्यांना येता आलं नाही, शेवटी आईच त्यांचा हात धरून बसली होती. मी बेटाचा नवीन फोटो जाळीला लावला. तिनं बघितलाच नाही.

"राहू दे बाळा," ती म्हणाली. "आपण कुठले जातोय..."

तसं नको ना गं म्हणू, असं मला म्हणायचं होतं. तेही तोंडातून निघेना. मग काय झालं कुणास ठाऊक, मी फोन स्पीकरवर टाकला आणि नंबर लावला. इकडे सिडनीत संध्याकाळ, तिकडे सकाळ.

पलीकडून एका म्हाताऱ्या बाईंचा खणखणीत आवाज आला. ॲपवर घोकलेलं वाक्य मी एका दमात सोडून दिलं... "बोंजूर मादाम, उन शांब्र पूर मा मेर." माझ्या आईसाठी एक खोली.

"उई, उई, उई!" म्हणजे हो, हो, हो.

"काय चावलं का गं त्यांना?" आई जाळीतून कुजबुजली.

माझं फ्रेंच तेवढंच आहे हे मादामना लगेच कळलं. "ला मेर, येस! ऑल रूम, द सी! नो प्रॉब्लेम!"

मी गोंधळले. समुद्र कुठून आला मध्येच? "नो... मा मेर. माय मदर."

पलीकडे त्या जे हसायला लागल्या... हसता हसताच त्यांनी मोडक्या इंग्लिशमध्ये समजावलं. फ्रेंचमध्ये समुद्रालाही मेर म्हणतात आणि आईलाही. स्पेलिंग वेगळं, कानाला एकच.

"सो, यू वाँट मदर विथ द सी?"

"येस," मी म्हणाले. "बोथ."

"व्हेन?"

इथे माझा आवाज गेला. शाळेत जायचा तसाच. जाळीपलीकडून आई माझ्याकडे बघत होती, आणि या वेळी माझ्याऐवजी बोलायला बाबा नव्हते...

"आय डोंट नो," मी कसंबसं म्हटलं. "वी आर इन ऑस्ट्रेलिया. वी कॅन्ट गो आउट. माय मदर इज अ नर्स."

मादामनी वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ओके. आय राइट द नेम. नो डेट. नेम?"

"वैशाली!" हे आईनंच जाळीला तोंड लावून ओरडून सांगितलं.

"वेझाली," मादाम म्हणाल्या. "वेझाली, आय वेट."

फोन ठेवला. आई डोळे पुसत बसली होती, मला वाटलं आता ती काहीतरी मोठं बोलणार...

"दोन बेड सांगितलेस ना?" ती म्हणाली. "झोपेत लाथा मारतेस तू."

"आणि मी कुठे झोपू?" बाबा आतून ओरडले.

"तुम्ही घरी थांबा आणि पिझ्झा मागवा!"

कितीतरी दिवसांनी ती अशी हसली. आज सकाळी कामावर जाताना तिनं गाडीतूनच विचारलं, त्या बेटावर ओहोटी सकाळी असते की दुपारी... मी सांगितलं, रोज वेगळी असते, देवगडसारखीच.

मादाम, तुम्हाला मराठी येत नाही, तुम्ही हे वाचणार नाही. तरी थँक्यू. खोली धरून ठेवा. समुद्र तुमच्याकडे आहेच... मेर मी घेऊन येते.