थांबाबाई

वाइनच्या कारखान्यात तिला सगळे थांबाबाई म्हणत. नवी वाइन समोर आली की ती घोटभर तोंडात घोळवायची, बादलीत थुंकायची आणि बहुतेक वेळा एकच शब्द बोलायची, "थांबा." जन्म गेला यात. जीभ बिघडू नये म्हणून सकाळी चहा नाही, घरात कच्चा कांदा नाही, अत्तर तर नाहीच. "लग्न तू केलंस वाइनशी, उपास मात्र मला," असं नवरा म्हणायचा. दात जांभळे पडले होते. हिरड्या इतक्या हुळहुळ्या झाल्या होत्या, की गार पाणीसुद्धा झोंबायचं. अलीकडे तर तळघराच्या पायऱ्या उतरतानाच तिला नको नको व्हायचं.

त्या दिवशी मालक काठी टेकत खाली आले. दोन पावलं टाकली की धाप. डॉक्टरांनी पुढची तारीख देणं बंद केलं होतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं. बगलेत एक बाटली होती. कॅबर्ने द्राक्षांची, त्यांच्या पहिल्या मळ्यातली. मालकीणबाईंना ती चाखायची फार हौस होती. तेव्हा थांबाबाई म्हणाली होती, थांबा. वाइन थांबली, मालकीणबाईंना थांबता आलं नाही. ते बाईच्या मनात अजून सलत होतं.

"बघा हो बाई, झाली का तयार?" मालकांनी विचारलं.

तिनं ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला. कडेला वाइन मुरू लागल्याची विटकरी छटा नुकती कुठे उमटत होती. वास सुरेख होता, पिकलेल्या जांभळाचा आणि त्यामागून नुकत्याच टोक केलेल्या पेन्सिलीचा. घोट घेतला. आंबटपणा ताठ, चव लांबवर रेंगाळणारी. पण तुरटपणानं हिरड्या करकचून धरल्या. अजून चार-पाच वर्षं तरी हवीत. ती सवयीनं बादलीत थुंकली.

मालक तिच्या तोंडाकडे बघत होते. लहान मुलानं निकालाकडे बघावं तसे.

"झाली," ती म्हणाली. "आजच प्या."

इतक्या वर्षांत वाइनबद्दल ती पहिल्यांदाच खोटं बोलली.

मालकांनी घोट घेतला. त्यांचे गाल आत ओढले गेले, डोळे बारीक झाले. मग हळूच म्हणाले, "कच्ची आहे."

"हो."

"मग झाली कशाला म्हणालात?"

"दमले मी, मालक. तुम्हाला आणखी थांबा म्हणायचं माझ्या जिवावर आलं."

मालक हसले, हसता हसता खोकले. श्वास परत आल्यावर त्यांनी खोका ओढून तिला बसायला लावलं, बादली काठीनं पार भिंतीपर्यंत सरकवली आणि तिचा ग्लास भरला. "आमच्या हिच्या वाटणीची आहे. ही थुंकायची नाही."

उपाशी पोटी तिनं ती गिळली. घसा खरवडला, हिरड्या ठणकल्या, डोळ्यांत पाणी आलं. ते नुसतं हिरड्यांमुळे नव्हतं. कच्ची होती, हट्टी होती आणि फार चांगली होती.

मालकांनी विचारलं, "कशी आहे?"

तिनं रिकामा ग्लास पुन्हा पुढे केला.