काळा पडदा आणि बारा पायऱ्या

नकाशे काढणाऱ्या बाईंना बांधकामावर सगळे ‘फूटपट्टी’ म्हणत, अर्थात पाठीमागे. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तोंडी सांगितलेला बदल घ्यायचा नाही, सहीचा कागद मागायचा, हे त्यांनीच गवंड्याच्या अंगी मुरवलं होतं.

आज तेच अंगाशी आलं. शाळेच्या जिन्यात वरच्या फरशीची जाडी धरायची राहून गेली होती. शेवटची पायरी दीड इंच उंच झाली असती आणि पोरं धडाधड तोंडावर आपटली असती. सकाळी बसून बाईंनी बाराही पायऱ्यांची मापं बदलली. शेवटचा आकडा टाकला आणि कॉम्प्युटरचा पडदा काळा ठिक्कर.

तेवढ्यात गवंड्याचा फोन. “ताई, अकराला जिन्याच्या फळ्या ठोकायला घेतोय.”

“थांबा, मापं बदललीत.”

“मग कागद पाठवा. तुमचाच कायदा.”

दाढी अर्धवट टाकून दीर दारात आला. “वहिनी, काल ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा कोरा टाकलाय मी. कसं पळतंय?”

“पळालंय खरं. सापडलं की कळवते.”

“बंद करून चालू करू?”

“हात लावून तर बघ! फाइल सेव्ह नाहीये.”

बाईंनी कॅप्स लॉक दाबलं. बारीक दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. “शुद्धीवर आहे. नुसतं दिसत नाहीये.” त्यांनी न बघता सेव्हची बटणं दाबली. मग पडदा जागा करायला विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी, चारही एकदम. ‘टुक’ आवाज झाला, जिना क्षणभर दिसला आणि गडप झाला.

“गेलं!” दीर म्हणाला.

“रडू नकोस. साबण पडतोय खाली.”

पॉवरचं बटण दाबून धरत त्यांनी मशीन बंद केलं. सुरू होताहोताच दोनदा तसंच बंद पाडलं, तेव्हा तिसऱ्या खेपेला दुरुस्तीचं निळं पान आलं. तिथून सेफ मोड. अक्षरं भोपळ्याएवढी, पण वाचता येत होती. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्ड शोधून त्यांनी जुना ड्रायव्हर परत आणला.

“नवा वाईट होता का गं?” दिराने हळूच विचारलं.

“नवा चांगलाच असेल. आपलं मशीन म्हातारं आहे. यापुढे आधी मला विचारायचं, मग औषध द्यायचं.”

मशीन नेहमीसारखं सुरू झालं. फाइल उघडली. बाराही आकडे नवे, जागच्या जागी. बाईंनी कागद छापला, सही ठोकली आणि स्वतःच निघाल्या.

अकराला पाच कमी असताना गवंड्याने कागद पसरला, बोटाने एकेक पायरी मोजली. “सगळ्याच बदलल्या की!”

“सगळ्याच.”

“चूक कोणाची?”

“माझी,” बाई म्हणाल्या. “धरा टेप.”

पहिली फळी नव्या मापावर बसेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.