बावीस ग्रॅम

नियम साधा आहे. दहा मीटरच्या एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान पाचशे ग्रॅमचा असला पाहिजे. तपासणीही साधी आहे. पिस्तुलाची नळी छताकडे करायची, ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन अडकवायचं आणि पिस्तूल हळू वर उचलायचं. वजन टेबलावरून अधांतरी उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही, की तुम्ही पास. सुटला तर आणखी दोन संधी. तिन्ही वेळा सुटला तर बाद, मग गुण कितीही असोत.

माझ्या सोळा वर्षांच्या मुलीचा ट्रिगर तिन्ही वेळा सुटला. सामना संपल्यावर.

तिने त्या दिवशी साठ नेमांत सहाशेपैकी पाचशे छप्पन्न केले होते. त्याआधीचा तिचा सर्वांत चांगला आकडा पाचशे एक्केचाळीस. विभागीय सामन्यात ज्युनिअर गटात ती दुसरी आली होती. नंतरच्या तपासणीसाठी चिठ्ठी निघाली ती तिची. ती हसत हसत टेबलाकडे गेली, कारण ट्रिगर बाबाने जुळवलेला होता आणि बाबाचे आकडे चुकत नाहीत, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

त्या ट्रिगरला माझ्याशिवाय कोणाचा हात लागलेला नव्हता. पिस्तूल जुनं घेतलेलं, ट्रिगर ओढताना मध्येच वाळू लागल्यासारखा अडायचा. क्लबात काम करून देणारा एक कारागीर आहे, पण तो सहा आठवडे पिस्तूल ठेवून घेतो आणि परत देताना नेमकं काय केलं ते सांगत नाही. मला न सांगितलेलं काम पटत नाही. मी दोन आठवडे रोज जेवणाचं टेबल आवरून झाल्यावर त्याच टेबलावर बसलो. भाग सुटे केले, पुसले, पुन्हा बसवले. मग वजनाचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा, वजन टांगून बघायचं, वहीत नोंद करायची. पुन्हा पाव फेरा, पुन्हा नोंद. वहीची अकरा पानं भरली.

क्लबात सगळ्यांनी सांगितलं होतं की तीस ग्रॅम जास्त ठेव. मी म्हणालो होतो, तीस ग्रॅम जास्त हवे असते तर नियमात पाचशे तीस लिहिलं असतं. मी चार ग्रॅम जास्त ठेवले. तेही ठेवायचे म्हणून नव्हे, तर वजन टांगायला जी तार बांधली होती तिचं वजन चार ग्रॅम होतं म्हणून.

तपासणीच्या टेबलामागे क्लबचे एक निवृत्त गृहस्थ बसतात. सत्तरीचे, शाळेत सुतारकाम शिकवायचे. तिसऱ्यांदा ट्रिगर सुटल्याचा टक् असा आवाज आला तेव्हा त्यांनी पिस्तूल खाली ठेवलं आणि माझ्या मुलीला म्हणाले, "यामर, मुली." डचमध्ये यामर म्हणजे वाईट झालं. इथे बस चुकली तरी यामर म्हणतात आणि माणूस गेला तरी यामर म्हणतात.

मी पुढे झालो. "तुमचं वजन तपासलेलं आहे का?"

"हे वजन? हे वीस वर्षं इथे आहे."

"वीस वर्षं म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. शेवटचं कधी तपासलं? कोणी? कागद कुठे आहे?"

"बाबा, प्लीज," मुलगी डचमध्ये पुटपुटली. "राहू दे ना."

मी राहू दिलं नाही. माझं कामच ते आहे. आर्नहेमला ज्या कंपनीत मी आहे तिथे विजेचे मीटर खरं सांगतात की नाही हे तपासणाऱ्या गटात माझी सतरा वर्षं गेली. न तपासलेल्या वजनावर एका मुलीला बाद करणं म्हणजे काय, हे मी त्या हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. माझं डच रागात मोडतं. मग मी इंग्रजीत गेलो. वीसेक माणसं कॉफीचे कप हातात धरून बघत होती. मी 'फसवणूक' हा शब्द वापरला. तो मी वापरायला नको होता.

त्या गृहस्थांनी शांतपणे पितळी वजन कापडात गुंडाळलं आणि माझ्यापुढे धरलं. "घेऊन जा. तुमच्याकडे चांगला काटा असेल. बुधवारी परत आणा."

त्यांनी उलट ओरडायला हवं होतं. त्यांच्या शांतपणाने माझं डोकं आणखी फिरलं.

गाडीत मुलगी मागे बसली. एरवी ती पुढे बसते.

सोमवारी मी दोन वजनं घेऊन ऑफिसला गेलो. एक क्लबचं, दुसरं माझं, ट्रिगर जुळवताना टांगलेलं. माझं म्हणजे लोखंडाचं, षट्कोनी, वर '५०० ग्राम' असं ओतलेलं, मिरजेजवळच्या आमच्या गावातल्या किराणा दुकानातलं. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दुकान बंद झालं तेव्हा थोरल्या भावाने तराजू घेतला आणि मी हे वजन. काउंटरवर सतत वापरात असलेलं, हाताच्या घामाने काळं-गुळगुळीत झालेलं तेच मी मुद्दाम निवडलं होतं. स्किपोल विमानतळावर तपासणीत त्यांनी ते पिशवीतून बाहेर काढून विचारलं होतं, हे काय आहे? मी म्हणालो होतो, "अर्धा किलो." तो अधिकारी हसला होता. मी हसलो नव्हतो, कारण मी खरंच उत्तर दिलं होतं.

आप्पा म्हणायचे, "तराजूला तोंड नसतं. त्याच्या वतीने आपण खरं बोलायचं." हे वाक्य मी ऑफिसात नवीन आलेल्या पोरांना भाषांतर करून सांगत आलो आहे. सतरा वर्षं.

प्रयोगशाळेतल्या काट्यावर मी आधी क्लबचं वजन ठेवलं. पाचशे पूर्णांक दोन दशांश.

मग आप्पांचं. चारशे अठ्ठ्याहत्तर पूर्णांक एक.

मी काटा शून्यावर आणला आणि पुन्हा ठेवलं. चारशे अठ्ठ्याहत्तर पूर्णांक एक. शेजारच्या काट्यावरही तेच. मग मी वजन उलटं केलं. अशा लोखंडी वजनाच्या बुडाला एक खळगा असतो, त्यात शिसं ओतून वजन बरोबर केलेलं असतं आणि शिशावर सरकारी शिक्का मारलेला असतो. खळगा होता, शिशाच्या कडेला जुन्या शिक्क्याची अर्धी रेघही होती. पण मधलं शिसं खरवडून काढलेलं होतं. गोल, नीट, सावकाश केलेलं काम. हा खळगा मी याआधी शंभर वेळा पाहिला होता. विजेच्या मीटरवरचं सील केसाएवढं हललं तरी मला कळतं, आणि हे मला कधी दिसलं नव्हतं.

गंज असेल, असं मी स्वतःला म्हणून पाहिलं. गंज बावीस ग्रॅम खात नाही. खाल्लं तर असं गोल खात नाही.

खरा राग घरी आल्यावर आला, स्वयंपाकघरात. आमच्याकडे एक डिजिटल काटा आहे, इथल्याच एका दुकानातून घेतलेला. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्यावर आप्पांचं वजन ठेवलं होतं. त्याने चारशे अठ्ठ्याहत्तर दाखवलं होतं. मी काय केलं? पांढरी पट्टी चिकटवून त्यावर मार्करने लिहिलं: '+२२ धरावे'. खऱ्या काट्याला मी खोटं ठरवलं, तेही लेखी.

बायको ओट्याशी उभी होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दोन दिवाळ्या," ती म्हणाली. "दोन दिवाळ्या माझी चकली दगडासारखी कडक होतेय. मी आईला फोन करून विचारलं, भाजणी बदलली, तांदूळ बदलले. तू म्हणालास, तुझ्या हाताला माप नाही."

"पन्नास ग्रॅम मोहनात बावीस..."

"आता मला टक्केवारी सांगू नकोस." तिने नखाने पट्टी सोलली आणि लोखंडी वजनावर दाबून चिकटवली. "ही इथली होती."

मी आप्पांना फोन लावला. ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत, कान ठणठणीत आहेत. मी प्रस्तावना केली नाही.

"आप्पा, दुकानातलं अर्धा किलोचं वजन बावीस ग्रॅमने कमी आहे."

मला वाटलं, आता ते नाही म्हणतील, किंवा लाजतील. दोन्हींची मी तयारी केली होती.

"तू कुठलं नेलंस?" त्यांनी विचारलं. "वरचं का खालच्या खणातलं?"

"म्हणजे?"

"अरे, शिक्क्याचं खालच्या खणात असायचं. वजनमापवाला साहेब आला की काढायचं. तू रोजचं उचललंस काय? मला विचारायचं की लेका."

"लोकांना कमी देत होता तुम्ही. इतकी वर्षं."

"सगळ्या पेठेत तसंच चालायचं. मी पूर्ण दिलं असतं तर भाव दोन आण्यांनी वर ठेवावा लागला असता, मग कोण आलं असतं माझ्याकडे? गिऱ्हाइकाला पण ठाऊक असायचं. तुझं इंजिनिअरिंग झालं ना? मग?"

"मला ठाऊक नव्हतं."

"तू दुकानात बसलास कधी? तुझं लक्ष पुस्तकात."

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे काय, बोटाने स्क्रीन दाबली. रागाने आपटायलाही हल्ली काही राहिलेलं नाही.

मी दुकानात बसलो होतो. एकदा, दहा वर्षांचा असताना. आप्पा मागे पोती लावत होते आणि आमच्या शाळेतल्या बाई साखर घ्यायला आल्या. काउंटरवरचं वजन सापडेना म्हणून मी खालचा खण उघडला, तिथे नवंकोरं दिसणारं अर्धा किलोचं वजन होतं, त्याने साखर जोखून दिली. आप्पा बाहेर आले, त्यांनी तराजूत काय आहे ते पाहिलं आणि बाईंच्या देखत माझ्या थोबाडीत मारली. "विचारल्याशिवाय वजनाला हात लावायचा नाही." चाळीस वर्षं मी समजत होतो की ती थोबाडीत निष्काळजीपणाबद्दल होती. त्या एका चपराकीवर मी अख्खं आयुष्य रचलं. प्रत्येक नोंद दोनदा, प्रत्येक आकडा तपासून. आणि त्या दिवशी मी काय केलं होतं? त्या बाईंना पूर्ण अर्धा किलो साखर दिली होती.

मी मुलीच्या खोलीचं दार वाजवलं. तिने हेडफोन एका कानावरून बाजूला केला. मी तिला सांगितलं की क्लबचं वजन बरोबर होतं, माझं चुकीचं होतं, आणि का होतं. आजोबांचं सगळं सांगितलं, खालच्या खणासकट. मी मराठीत बोलत होतो, ती डचमध्ये उत्तरं देत होती, आमच्याकडे ते असंच चालतं.

"म्हणजे तू ते वजन कधी तपासलंच नाहीस?"

"नाही."

"आणि काट्याने सांगितलं तेव्हा तू काट्यालाच चूक म्हणालास."

"हो."

"आणि त्या आजोबांना सगळ्यांसमोर फसवे म्हणालास." हे आजोबा म्हणजे तपासणीच्या टेबलावरचे.

"हो."

तिने हेडफोन पुन्हा कानावर चढवला. आप्पांवर तिचा राग नव्हता. त्यांनी तिला काही वचन दिलेलं नव्हतं. मी दिलं होतं.

बुधवारी मी क्लबात गेलो. ती येईल असं मला वाटलं नव्हतं, पण ती सायकलने वेगळी आली. कॉफीच्या वेळेला, त्याच माणसांसमोर, त्याच आवाजात मी सांगितलं की वजन पाचशे पूर्णांक दोन दशांश भरलं, चूक माझी होती आणि मी वापरलेला शब्द मी परत घेतो. वाक्य मी घरून पाठ करून आलो होतो, तरी डचचं क्रियापद चुकलं.

"दोन दशांश जास्त आहे म्हणजे," ते गृहस्थ कापड उलगडत म्हणाले. "तुम्हाला तक्रार करता येईल."

लोक हसले. मी हसलो नाही. मला अजूनही सगळ्यांचा राग येत होता: आप्पांचा, पेठेचा, ठाऊक असून गप्प राहिलेल्या गिऱ्हाइकांचा, इतक्या सहज माफ करणाऱ्या या माणसाचा. आणि ज्याने अकरा पानं नोंदी केल्या पण पहिल्या पानावर जे लिहायचं ते तपासलं नाही, त्याचा सर्वांत जास्त.

मी पिस्तुलाची पेटी टेबलावर ठेवली, खिशातून स्क्रूची बारीक किल्ली काढली. मुलीने हात पुढे केला. मला वाटलं, पिस्तूल मागतेय. तिला किल्ली हवी होती.

"स्क्रू उजवीकडे फिरवला की..." मी सुरू केलं.

"बाबा." मग तिने मराठीत सांगितलं, तिच्या अडखळत्या मराठीत, मला नीट कळावं म्हणून. "तू नको. मी करणार."

ती करत होती आणि मी हात मागे बांधून उभा होतो. पाव फेरा, वजन, पाव फेरा, वजन. नोंद कुठेच नाही. क्लबचं वजन तीनदा उचललं गेलं, ट्रिगर तीनदा टिकला. मला वाटलं झालं. तिने माझ्याकडून घराच्या किल्ल्यांचा जुडगा मागितला आणि वजनाच्या हुकात अडकवला. पुन्हा उचललं. टक्. तिने स्क्रू आणखी फिरवला. पुन्हा. या वेळी जुडग्यासकट सगळं अधांतरी उचललं गेलं आणि तसंच राहिलं.

त्या जुडग्याचं वजन मला माहीत आहे. एकोणचाळीस ग्रॅम.

"एवढं लागत नाही," मी म्हणालो.

"माहितेय," ती म्हणाली. जुडगा तिने मला परत दिला. स्क्रूची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि नेमाच्या रेषेकडे गेली.