कुरुंद्याच्या माडीवरची हळद

घरांची डागडुजी करणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. जुनी चौकट उखडली की वाळवी निघते, तसे ते आपसूक निघतात. मी कळमनुरीत असतो आणि अशीच कामं घेतो. सोबत दोघे, तांड्यावरचे शंकर मिस्त्री आणि वायरमन अल्ताफ. काम आटोपलं की टपरीवर चहा घेताना कुणाच्या घरात काय निघालं याच्या गप्पा होतात. एरवी हसतोही. यंदा हसू कमी आलं, कारण त्यातलं एक घर माझ्या सख्ख्या बहिणीचं होतं.

लोकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "काही होत न्हाई ना?" तो कामाआधी कुणी विचारत नाही, सगळं करून झाल्यावर विचारतात.

*

आक्का कुरुंद्याला दिलेली. तिच्या घराचा खालचा स्लॅब जुना, त्यावर दाजींनी मागाहून पोरासाठी माडी चढवली. पोरगं नोकरीला पुण्याला गेलं आणि रिकाम्या माडीत हळदीची पोती गेली. भाव येईस्तोवर हळद घरात ठेवायची, ही तिकडची रीतच आहे. भाव काही आला नाही. पुढच्या हंगामाची हळद मात्र आली आणि थप्पी छताला टेकली.

माडीच्या बरोबर खाली मधली खोली. आक्काची लेक पल्लवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती आणि तिची खाट त्याच खोलीत टाकायची होती. आक्का खोली झाडायला गेली, तर छताला मधोमध चीर पडलेली आणि दार चौकटीत घट्ट बसलेलं. तिनं मला बोलावून घेतलं.

मी शंकर मिस्त्रींना घेऊन गेलो आणि दाजींना म्हणालो, "पोती उतरवा."

"स्लॅब हाय सुधाकर, पत्रा न्हाई. पोराच्या लग्नात वर पंगत बसली होती. काय झालं?"

शंकर मिस्त्री चिरेकडं बघत म्हणाले, "पंगत जेवून उठते दाजी. पोती उठत न्हाईत."

दाजी हसले आणि चहा सांगितला. मला हसू आलं नाही.

*

जवळा बाजारच्या एका घरातला हा अल्ताफचा किस्सा. नवा मोठा कूलर आणला आणि फ्यूज रोज उडायला लागला. घरधनी वैतागला. त्यानं फ्यूजमध्ये तारेचा जाड पीळ भरला आणि तकलीफ संपली म्हणून शेजाऱ्यालाही तोच उपाय सांगितला.

अल्ताफ तिकडं गेला होता तो पंख्याच्या कामाला. बोर्डाखालच्या भिंतीला अंग लावून मांजर झोपली होती. घरची बाई कौतुकानं म्हणाली, "लई शहाणी हाय. रोज ह्याच भिंतीला झोपते."

अल्ताफनं भिंतीला हात लावला आणि आधी मेन स्विच बंद केला.

"भाभी, मांजर ऊब शोधून राहिली. तुमची भिंत आतून तापून राहिली."

वायर बाहेर काढली तर वरचं प्लास्टिक वितळून भिंतीला चिकटलेलं. अल्ताफ अजूनही गिऱ्हाइकाला समजावतो, की फ्यूज जळतो तो घर जळू नये म्हणून. त्याला जळू द्या.

*

कळमनुरीजवळच्या एका खेड्यात शेळ्या राखणारं कुटुंब आहे. दिवाळीला जावई येणार, म्हणून न्हाणीत शॉवर बसवला. पाण्याला जोर पाहिजे, म्हणून नवी टाकी न्हाणीच्या भिंतीवर चढवली. भिंत एकेरी विटेची, तीही विटा आडव्या न ठेवता उभ्या लावून रचलेली, म्हणजे जेमतेम चार बोटं जाड. रिकामी टाकी व्यवस्थित बसली. सगळ्यांनी खालून बघितली आणि मान डोलावली.

मग टाकी भरली.

माणसं वाचली. भिंतीच्या आडोशाला बांधलेली गाभण शेळी गेली. आम्ही पोचलो तेव्हा घरची म्हातारी शेळीजवळ बसून होती आणि बाकी कुणी म्हातारीकडं बघत नव्हतं. पोरगा पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता, "टाकी तर हलकी होती, मी एकट्यानं वर नेली."

मिस्त्रींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "टाकी हलकीच होती लेकरा. पाणी हलकं नसतंय."

 परत येताना गाडीवर मला राहून राहून आक्काची मधली खोली दिसत होती.

*

एका दुकानदाराला हॉलमधला खांब डोळ्यांत खुपायला लागला. सोफासेट नीट बसेना. त्यात कुणीतरी सांगितलं, की घराच्या मध्यात खांब म्हणजे बरकत अडते. झालं! खांब काढायचा म्हणून त्यानं आम्हाला बोलावलं.

शंकर मिस्त्रींनी खांबाला चक्कर मारली, वर बघितलं, थापी पिशवीत परत टाकली.

दुकानदार चिडला. "तुमी न्हाई केलं तर दुसरा मिस्त्री आणतो."

"आणा की. पण काम झालं की त्याच्या बायकोलेकरांना वरच्या मजल्यावर मुक्कामाला बोलवा. त्यानं आणली, तर खुशाल समजा की काम बराबर झालं."

खांब अजून उभा आहे. दुकानदारानं त्याला आरसा लावलाय आणि घरातलं लहानमोठं सगळं माणूस तिथंच भांग पाडतं.

*

दाजी असे हट्टी, तरी वायरिंगला मात्र लगेच तयार झाले. बाळंतिणीच्या खोलीत गिझर, शेगडी, पंखा हे सगळं एका जुन्या बोर्डावर चालणार होतं. अल्ताफनं दोन गोष्टी सांगितल्या आणि दाजींनी नवी वायर टाकून घेतली. त्यांना स्वतःला एकदा शॉक बसला होता. अंगाला बसलेलं माणसाला पटतं. डोक्यावरचं वजन दिसत नाही, म्हणून पटत नाही.

पोत्यांचं काढलं, की "भाव येऊ दे" एवढंच उत्तर. शेवटी मिस्त्रींनी चिरेखाली लोखंडी टेकू उभे केले आणि बजावलं, "हे आजाऱ्याच्या हातातल्या काठीवाणी हाय दाजी. पोती उतरेपर्यंतच."

पुढच्या खेपेला गेलो तर आक्का अंगणातच भेटली. तिनं नुसतं माडीकडं बोट केलं. मी माडीवर जाऊन बघितलं. दाजींनी आपल्या भावाच्या शेतातलीही पोती आणून टाकली होती.

"टेकू दिले ना तुमी?" दाजी म्हणाले. "मग आता काय भ्याव?"

मला इतका राग आला, की पाणीही न पिता मी निघालो. सोयऱ्याच्या घरातून असं उठून जाणं बरं नव्हे, पण गेलो.

*

पल्लवीला मुलगा झाला. आक्कानं मायलेकरांना मधल्या खोलीत नेलंच नाही, स्वयंपाकघरात खाट टाकली. दाजी पाहुण्यांना सांगायचे, "बाईमाणूस भित्रं असतं."

बारशाला आम्ही तिघंही गेलो. पल्लवीच्या सासरची माणसं आली होती. मधल्या खोलीच्या छताला लोखंडी कडी आहे, लहानपणी पल्लवीचा पाळणा तिलाच होता. नातवाचाही तिथंच बांधायचा म्हणून दाजींनी टेकू काढून कोपऱ्यात ठेवले होते आणि कडी घासूनपुसून ठेवली होती. आक्कानं पाळणा अंगणातल्या कडुलिंबाला बांधला.

दाजी नवी टोपी घालून बाहेर आले. "पाळणा बाहेर काहून?"

"आत जागा न्हाई."

"खोली तर रिकामी हाय."

"खोली रिकामी हाय," आक्का म्हणाली. "वर हळद हाय."

 चार पाहुण्यांत बायको असं बोलली, म्हणून दाजींचा चेहरा उतरला. तरी ते हसून म्हणाले, "काही होत न्हाई."

आक्कानं पल्लवीच्या मांडीवरून बाळ उचललं आणि दाजींच्या हातात दिलं.

"मग तुमी घेऊन बसा कडीखाली. आमी इथून पाळणा म्हणतो. गाणं होईस्तोवर बसा."

दाजी बाळाला घेऊन निघाले. ताठ चालत ओसरीवर चढले, मधल्या खोलीच्या दारापाशी गेले. आम्ही सगळे अंगणातून बघत होतो. त्यांनी एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला. वर बघितलं. बाळानं झोपेत त्यांचं बोट धरलं होतं.

तो पाय त्यांनी मागं घेतला.

परत येऊन त्यांनी बाळ आक्काच्या हातात दिलं. टोपी काढून लिंबाच्या पारावर ठेवली.

"सुधाकर," ते म्हणाले, "वर चला. पोत्याचं एक टोक तुमी धरा."

हे ऐकून व्याही उठले, जावई उठला, बारशाला आलेली निम्मी माणसं बाह्या सारून जिन्याकडं निघाली. शंकर मिस्त्री पुढं झाले आणि जिन्याच्या तोंडाशी हात आडवा धरून उभे राहिले.

"टेकू पुन्हा लावतो, तवर थांबा. मग एका वेळी दोघंच. वर आधीच लई बोजा हाय."