खालच्या मजल्यावरून ऐकू येणारा पियानो

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या घराची बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे देवधर काका. मी मनात म्हटलं, झालं... आता माझी काही खैर नाही.

कारण शाळेत असताना मी पियानो शिकायला लागले, तेव्हा पहिली तक्रार यांचीच आलेली. तेव्हापासून घरी डिजिटल पियानो आणि कानाला हेडफोन. वाजवणार मी, ऐकणारही मीच... घरच्यांच्या वाट्याला नुसती पट्ट्यांची टकटक.

आता मी डोंबिवलीला मानपाड्यात लहान मुलांचे पियानोचे क्लास घेते. आणि माझी पहिली सोलो कॉन्सर्ट ठरलेली, ठाण्यातल्याच एका छोट्या हॉलमध्ये. पण एका पीसमध्ये उजव्या हाताला पट्ट्यांवर एकदम लांब उडी मारायची असते, आणि तिथे माझा काही भरवसा नव्हता. कधी सुटायचं, कधी अडकायचं... का, ते कळायचंच नाही.

माझे पियानोचे सर माझे हात बघून थकले, मी हातांचे व्हिडिओ काढून थकले. शेवटी वैतागून दोन-तीन दिवस पियानोला हातच लावला नव्हता. सोमवारी आयोजकांना फोन करून सांगणार होते, नाही जमणार मला.

तर काका आले, बसले, पाणी प्यायले. मग म्हणाले, "अगं, वर एकदम शांत शांत आहे. बरी आहेस ना?"

मला काही कळेना. यांना ऐकू काय येतं? तर म्हणे आवाज नाही, पण टकटक छतातून बरोबर खाली उतरते. संध्याकाळच्या चहाला काका-काकूंची पैज लागते, आज ही अडकणार की सुटणार... हरेल त्याने कप विसळायचे. आणि काका कधीच हरत नाहीत.

मला राहवेना. म्हटलं, जे मला कळत नाही ते तुम्हाला कसं कळतं?

"सोपं आहे. अडकायच्या जरा आधी तू पाय आपटतेस. एरवी नाही."

पाय? मी पियानोला लावलेला हेडफोन काढून तशीच वाजवायला बसले. उडी जवळ आली आणि काकांनी जमिनीकडे बोट दाखवलं. माझा डावा पाय, ज्याला तिथे काही कामच नाही, तो जमिनीत असा रोवला होता की पार खांद्यापर्यंत सगळं ताठ. मी भीती हातात शोधत होते, आणि ती पायात बसलेली.

काका मात्र वेगळ्याच विचारात होते. "इतकं गोड आहे होय हे? आम्ही एवढी वर्षं नुसती टकटकच ऐकली गं..."

सोमवारचा तो फोन मी केलाच नाही.

परवा कॉन्सर्ट झाली. काका-काकू पहिल्या रांगेत. उडी जवळ आली तेव्हा हळूच बघितलं, तर सगळा हॉल माझ्या हातांकडे बघतोय आणि काका वाकून माझ्या पायाकडे. पाय आपटला नाही, सैलच राहिला... आणि उडी न अडकता सुटली.

नंतर कळलं, त्या दिवशी पैजेचा घोळ झालेला. दोघंही 'सुटणार' म्हणूनच अडून बसलेले, हरायला कोणी तयार नाही. काल संध्याकाळी चहाला खाली गेले आणि तिघांचे कप मीच विसळले. काका, काकू... एवढी वर्षं मी एकटीच ऐकतेय असं वाटायचं मला. थँक्यू.