बाईंनी घेतलेला पाठ

समावेशक शिक्षणाच्या पदव्युत्तर वर्गाला मी आणि एक शिक्षिका बाई, आम्ही दोघं भोरहून एकाच एसटीनं पुण्याला जायचो. बाई भाटघरजवळच्या शाळेत शिकवत. बोलताना त्यांचे हात असे चालत, की शेजारचा प्रवासी आपणहून सरकून बसे. "अवो सर, ह्या पुस्तकानंच लई अवघड केलंय," म्हणत आणि स्वतःच खळखळून हसत.

त्यांच्या वर्गातल्या एका मुलीला अजिबात ऐकू येत नव्हतं. तिला शहरातल्या वेगळ्या शाळेत पाठवा, असा मुख्याध्यापकांचा आग्रह होता. बाईंनी पदव्युत्तर परीक्षेचा पाठ मुद्दाम त्याच वर्गावर घेतला. मी मागे बसलो होतो. भात रोपापासून ताटात कसा येतो, ते सगळी मुलं न बोलता, हातवारे करून सांगत होती.

पाठ संपल्यावर परीक्षकांनी विचारलं, "ती ऐकू न येणारी मुलगी आज आली नाही का?"

"आलीय की. तुमीच वळखा."

परीक्षकांनी भलतीकडेच बोट दाखवलं. वर्ग हसून लोटपोट झाला. दारात उभे असलेले मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, राहू द्या तिला हितंच."

बाईंनी ते खुणेनं तिला सांगितलं. ती आनंदानं एवढ्या मोठ्यानं ओरडली, की शेजारच्या वर्गातली पोरं काय झालं बघायला धावत आली.